साठेखतातली मुदत आणि ‘कोम्त खूत’

नमस्कार. तुमचा प्रश्न वाचताना आमचे 2022 सालचे एप्रिल आणि मे हे दोन महिने जसेच्या तसे डोळ्यांपुढे आले, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. तुम्ही नेदरलँड्समध्ये आम्स्टेलवेनला भाड्याने राहता, अल्मेरे हाव्हनमधल्या एका रो-हाउसवर लावलेली तुमची 4,05,000 युरोंची बोली मान्य झाली आहे, 3 ऑक्टोबर 2025 ला साठेखतावर, म्हणजे इथल्या भाषेत कोपआक्तेवर, सह्या झाल्या आहेत, कर्ज न मिळाल्यास करार मोडण्याची मुदत 14 नोव्हेंबरला संपते आहे आणि मधले दोन आठवडे तुम्ही दोघे दिवाळीसाठी पुण्याला जाणार आहात. कर्ज सल्लागार प्रत्येक वेळी ‘कोम्त खूत’, म्हणजे ‘होईल नीट’, म्हणतो, तर निश्चिंतपणे जावे का, असे तुम्ही विचारले आहे. जरूर जा, पण निश्चिंतपणे जाऊ नका, असे माझे मत आहे.

फुंडा या घरविक्रीच्या संकेतस्थळावर घर कसे शोधावे, सह्यांनंतरचे तीन दिवसांचे फेरविचाराचे हक्क काय असतात, खरेदीखत करून देणारा नोटारिस काय करतो, या गोष्टी तुमच्या मागे पडल्या आहेत, त्यामुळे त्यांत शिरत नाही. मी सल्लागार नाही आणि वकीलही नाही. एकच घर घेतले आहे आणि त्यात जे पोळलो तेवढेच सांगू शकतो. नियम दरवर्षी जानेवारीत बदलतात, म्हणून आकडे स्वतः तपासून घ्यावेत.

आमचे घर पुर्मेरेंडमध्ये आहे, सत्तरच्या दशकातले, 92 चौरस मीटरचे, मागे लहानशी बाग आणि सायकली ठेवायची खोली असलेले. 3,45,000 युरोंना ठरले, म्हणजे एनएचजीच्या, अर्थात गृहकर्जाच्या राष्ट्रीय हमीच्या, त्या वर्षीच्या 3,55,000 च्या मर्यादेत बसले, याचाच आम्हाला केवढा आनंद झाला होता. (2025 साठी ही मर्यादा 4,50,000 आहे, त्यामुळे तुम्हीही तिच्यात बसता, हमीमुळे व्याजदर थोडा कमी मिळतो, तो सोडू नये.) साठेखत 25 मार्चला झाले आणि कर्जाची मुदत 6 मे ठरली. सहा आठवडे म्हणजे भरपूर वेळ, असे आम्हाला वाटले. या सहा आठवड्यांत ईस्टर, राजाचा वाढदिवस आणि शाळांची मे महिन्यातली सुट्टी हे सगळे येते, हे आम्ही दिनदर्शिका उघडून पाहिलेच नाही. तुमच्या सहा आठवड्यांतही ऑक्टोबरची शाळेची सुट्टी आहे, आणि सल्लागारांनाही मुले असतात.

पहिली चूक निखालस माझी होती. बँकेला नोकरी देणाऱ्याचे एक निवेदनपत्र लागते, वेर्कखेव्हर्सफरक्लारिंग. आमच्या कचेरीतल्या बाईंनी ते हाताने भरले आणि नोकरीला लागल्याचे वर्ष 2016 ऐवजी 2015 लिहिले. चूक माझ्याच लक्षात आली आणि मीच त्यांना म्हणालो की नवा कागद कशाला, आकडा खोडा, वर बरोबर लिहा आणि शेजारी छोटी सही करा. आपल्याकडे बँकेच्या स्लिपपासून तहसील कचेरीतल्या अर्जापर्यंत खाडाखोड केली की शेजारी सही करायची, ही सवय हाडीमाशी खिळलेली असते; माझ्या मनात शंकासुद्धा आली नाही. बाईंनी किंचित थबकून माझ्याकडे पाहिले, पण मी इतक्या आत्मविश्वासाने बोललो की त्यांनी तसे केले. इथे या एका कागदावर खाडाखोड चालत नाही. तो एकाच व्यक्तीने, एकाच हस्ताक्षरात, एकाच पेनाने भरलेला असावा लागतो, कारण पगाराचे आकडे बदलून फसवणूक झाल्याची प्रकरणे बँकांनी पाहिलेली असतात. निळ्या शाईतला तो छोटासा ‘6’ आम्हाला पुढे फार महाग पडला.

अर्थात तो कागद लगेच परत आला असता, तर काहीच बिघडले नसते. दुसऱ्याच दिवशी नवा कागद मिळाला असता. आमच्या सल्लागाराच्या कार्यालयाने मात्र तो उघडून पाहिला नाही. त्या कार्यालयाचे नाव मी घेणार नाही, कारण तिथली माणसे वाईट नव्हती. भेटायला गेलो की उत्तम कॉफी मिळे, भिंतीवर प्रमाणपत्रे होती आणि फी आगाऊ ठरवून घेतलेली होती. 30 मार्चला पाठवलेली आमची सगळी कागदपत्रे त्यांच्या संगणकावर ‘प्राप्त’ अशी नोंद होऊन नुसती पडून होती. मी दर आठवड्याला फोन करी आणि दर आठवड्याला तेच उत्तर मिळे, कोम्त खूत. आपल्याकडच्या ‘होऊन जाईल’चे हे सख्खे भावंड आहे. ‘होऊन जाईल’ म्हणणाऱ्या माणसाच्या मागे लागावे लागते, हे जन्मभर माहीत असून डच माणसाच्या तोंडून ते ऐकल्यावर मी त्याला आश्वासन समजलो. 21 एप्रिलला कळले की कागद बँकेने नाकारला आहे. दुसरा कागद आणला, तर त्यात पगाराचा भाग कचेरीतल्या बाईंनी आणि तळाचा भाग आमच्या मॅनेजरने भरलेला, म्हणजे हस्ताक्षरे दोन. तोही नाकारला गेला. तिसरा कागद 29 एप्रिलला संगणकावर भरून तयार झाला आणि मी तो स्वतः त्यांच्या दारात नेऊन देणार होतो, तर दाराला सुट्टीची पाटी.

4 मेच्या संध्याकाळी आठ वाजता युद्धात गेलेल्यांसाठी दोन मिनिटे सगळा देश स्तब्ध उभा असतो. आम्ही दोघेही उभे होतो आणि माझ्या मनात मात्र 34,500 हा एकच आकडा होता. मुदतीच्या आत लेखी आणि बँकेच्या नकारपत्रासह करार मोडला नाही, तर तो पक्का होतो आणि मग पैसे उभे करता आले नाहीत तर किमतीच्या 10 टक्के दंड बसतो. आमच्याकडे होकार नव्हता आणि नकारही नव्हता, कारण अर्जच पूर्ण झालेला नव्हता. अर्धवट अर्जावर बँक नकारपत्र देत नाही. म्हणजे करार मोडायलाही कागद नाही आणि निभावायलाही पैसे नाहीत, अशा कात्रीत आम्ही सापडलो होतो. त्या रात्री झूटरमेरला राहणाऱ्या एका सहकाऱ्याने सांगितले म्हणून मीच विक्रेत्याच्या माकेलारला, म्हणजे घरांच्या दलालाला, ईमेल लिहून दोन आठवड्यांची वाढ मागितली. विक्रेत्यांचे नवे घर बांधून पूर्ण व्हायचे होते, त्यांनाही घाई नव्हती, म्हणून 5 मेला होकार आला आणि 20 मेपर्यंत मुदत मिळाली. हे निव्वळ नशीब होते. वाढ देण्याचे कोणतेही बंधन विक्रेत्यावर नसते.

दंड टळला, तरी खरा फटका दुसरीकडेच बसला. 2022 च्या वसंतात इथले व्याजदर आठवड्यागणिक चढत होते. पहिल्या भेटीत वीस वर्षांसाठी 1.9 टक्के दर कागदावर दाखवला गेला होता आणि तो आपल्यासाठी राखला गेला आहे, असे आम्ही धरून चाललो. बँकेकडे व्याजाचा प्रस्ताव रीतसर मागितल्यावरच दर राखला जातो आणि तो मागायला सगळी कागदपत्रे लागत नाहीत, हे आम्हाला कुणी सांगितले नव्हते. प्रस्ताव मागितला गेला मे महिन्यात, तेव्हा दर 2.7 झाला होता. 3,40,000 च्या कर्जावर हा फरक करसवलत धरण्याआधी महिन्याला सुमारे 140 युरोंचा आहे. वीस वर्षांचा हिशेब केला तर 33,000 युरोंच्या वर जातो, म्हणजे ज्या दंडाच्या भीतीने झोप उडाली होती, जवळजवळ तेवढीच रक्कम आम्ही हप्त्याहप्त्याने भरतो आहोत. तक्रार केली, तर शेवटी कर्ज मुदतीत मंजूर झाले ना, असे उत्तर आले. फीची पावती मात्र वेळेवर आली.

आता तुमच्याबद्दल. आजच सल्लागाराला ईमेल करून दोनच गोष्टी लेखी विचाराव्यात: व्याजाचा प्रस्ताव कोणत्या तारखेला मागितला आणि तो कोणत्या तारखेपर्यंत टिकणार आहे. ‘काम चालू आहे’ असे उत्तर आले तर ते ‘नाही’ असे समजावे. फोनवर बोलणे झाले तरी नंतर दोन ओळींची ईमेल टाकावी. इथे लेखी मागितले म्हणून कुणी रागावत नाही, आपल्यालाच उगीच भिडस्तपणा वाटतो.

निवेदनपत्र हाताने भरून घेऊच नये. कंपनीच्या पगारप्रणालीतून छापील मिळत असेल तर तेच घ्यावे आणि ते नवे आहे ना, हे पाहावे. त्याखेरीज आणखी एक मार्ग आहे, जो आम्हाला घर घेऊन झाल्यावर कळला: डिगिडी ही सरकारी ऑनलाइन ओळख वापरून युडब्ल्यूव्ही या कामगार विमा संस्थेच्या संकेतस्थळावरून नोकरी आणि पगाराचा तपशील दहा मिनिटांत उतरवून घेता येतो आणि बऱ्याच बँका त्यावरूनच उत्पन्न ठरवतात. तुम्ही 30 टक्के रूलिंगवर, म्हणजे परदेशातून आलेल्या नोकरदारांच्या करसवलतीवर, आहात, असे लिहिले आहे. त्या कागदावर करमुक्त 30 टक्के दिसत नाहीत, त्यामुळे तुमचे उत्पन्न त्यात कमी दिसेल. तुम्हाला छापील निवेदनपत्रच सोयीचे पडेल. आमचे रूलिंग 2021 मध्येच संपले होते, म्हणजे आमच्यासाठी तो कागद अगदी योग्य होता, हे आठवले की अजूनही चडफडतो. राहण्याचा परवाना तात्पुरता असेल तर प्रत्येक बँकेचे धोरण वेगळे असते. तुमच्या बँकेला ते चालते का, हेही त्याच ईमेलमध्ये विचारावे. गाडी प्रायव्हेट लीजवर असेल तर ती टील येथील बीकेआर या कर्जनोंदणी संस्थेमध्ये कर्ज म्हणून नोंदलेली असते, तेही आधीच सांगून टाकावे.

साठेखत पुन्हा एकदा उघडून कर्जाच्या अटीत किती रक्कम लिहिली आहे, ते पाहावे. तिथे 3,50,000 लिहिले असेल आणि तुम्हाला 3,95,000 लागणार असतील, तर 3,50,000 देणारी बँक मिळाली की ती अट तुमच्या उपयोगाची राहत नाही. तसेच कर्ज घराच्या मूल्यांकनापेक्षा जास्त मिळत नाही. 4,05,000 ची बोली आणि 3,95,000 चे मूल्यांकन झाले, तर मधले 10,000 तुमच्या खिशातून जातील, नोटारिस आणि सल्लागार यांचा खर्च वेगळा. हस्तांतरण कराची सवलत घेणार असाल तर खरेदीखताच्या दिवशी वय 35 च्या आत असावे लागते. तुमचा व्यवहार जानेवारीत आहे आणि तुमच्यापैकी एक जण 34 वर्षांचा आहे, म्हणून वाढदिवसाची तारीख पाहून ठेवा. एका दिवसाने चुकले तरी त्याच्या वाट्याच्या किमतीवर 2 टक्के भरावे लागतात.

घराबद्दलही विचारले आहे, म्हणून थोडेसे. अल्मेरे हाव्हनची निवड मला आवडली. सत्तरच्या दशकातल्या अशा वस्त्यांना इथे ब्लुमकोलवाइक म्हणतात, कारण नकाशावर त्या फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या दिसतात: वळणावळणाच्या गल्ल्या, आरपार जाणारा रस्ता नाही, मुले रस्त्यावरच खेळतात. शांतता हवी असेल तर हे उत्तमच. रेल्वे स्टेशन मात्र हाव्हनमध्ये नाही, बसवर अवलंबून राहावे लागेल, म्हणून तर किमती जरा बेताच्या आहेत. उत्तरेकडच्या घरांना ए-6 महामार्गाची घरघर येते. एकदा सकाळी आठला आणि एकदा रात्री दहाला बागेत जाऊन उभे राहा. पाया हा झानडाम किंवा गाउडाच्या जुन्या घरांत पहिला प्रश्न असतो, कारण तिथे लाकडी खांब भूजल उतरले की कुजतात. तुमचे घर त्या पिढीतले नाही. (जाहिरातीत ‘ओप स्ताल’ दिसले तर पोलाद समजून खूश होऊ नका, त्याचा अर्थ खांबच नाहीत, पाया थेट जमिनीवर आहे.) तरी जमिनीखालच्या पोकळीचे झाकण उघडून आत पाणी साचले आहे का, ते पाहावे. आम्ही जिना, बाथरूम, खिडक्या सगळे पाहिले आणि ते झाकण गालिच्याखाली होते म्हणून राहून गेले. सामानाच्या यादीत लॅमिनेट ठेवणार की नेणार, हेही वाचा, कारण इथे माणसे जमीनसुद्धा उचलून नेतात. आणि डच नीट कळत नसेल तर नोटारिसकडच्या दिवसासाठी दुभाषी आताच ठरवा. ऐन वेळी मिळत नाही.

पुण्याला निघण्यापूर्वी सगळे कागद एका फोल्डरमध्ये ठेवून डिगिडी तिथल्या फोनवर चालते का, ते पाहून घ्या. भारतीय सिमवर मोबाइल संदेश आला नाही म्हणून अडकलेला एक जण मला माहीत आहे. 7 नोव्हेंबर हा शुक्रवार आहे. त्या दिवशी दुपारपर्यंत बँकेचा पक्का प्रस्ताव हातात आला नसेल, तर सल्लागाराची वाट न पाहता विक्रेत्याच्या माकेलारला मुदतवाढीची ईमेल तुम्हीच करा आणि पोच मागा. डचमध्ये चार ओळी पुरतात. हव्या असतील तर आमची तेव्हाची ईमेल नावे काढून पाठवतो.