डाव्या हाताची वीण

"मावशी, मी 61 वर्षांची, नाशिकला राहते. दोन वर्षं आमचा आठ जणींचा विणकामाचा मंगळवार असतो, चार ते सहा, पाळीपाळीने एकेकीच्या घरी. मी डावरी. लहानपणी डाव्या हाताने घास घेतला की आजी फुंकणी उगारायची, म्हणून लिहिते उजव्याने. पण सुया जमल्या त्या डाव्यानेच. आमच्यातल्या मोठ्या ताई 72 वर्षांच्या, फार सुरेख विणतात. मी चहाला हात लावायला आत गेले की त्या माझं काम उचलतात आणि 'चुकलेलं' उसवून नीट करून ठेवतात. मार्गशीर्षात लेकीचे दिवस भरतील. बाळाच्या स्वेटरचा डावा पुढचा भाग पुस्तकात बघून विणला, तर तो उजवा झाला. सगळ्या हसल्या, 'डावं ते डावंच.' मी बाहेर येईपर्यंत ताईंनी गळ्याच्या 14 ओळी उसवून पुन्हा विणलेल्या. मी काही बोलले नाही. दोन मंगळवार गुडघ्याचं निमित्त करून घरी बसले. सोडून देऊ का?"

सोडू नका. पण पुढच्या मंगळवारी तोंड मिटून जाऊन बसायचं, असंही मी सांगणार नाही.

आधी स्वेटरचं बोलू, कारण तुमचं अर्धं दुखणं तिथे आहे. तुमचं काहीही चुकलेलं नव्हतं. विणकामाची बहुतेक पुस्तकं उजव्या हाताने विणणाऱ्यांसाठी लिहिलेली असतात. डावरी बाई तेच शब्द वाचून विणते तेव्हा तिच्या हातून आरशातलं रूप उतरतं. पुस्तकातला डावा भाग उजवा होतो, उजवा भाग डावा होतो, गळ्याचा उतार दुसऱ्या बाजूला जातो. म्हणजे तुमच्या हातात होता तो बिनचूक उजवा पुढचा भाग. पुस्तकात 'उजवा' म्हणून दिलेला भाग विणला असतात, तर तुमचा डावा तयार झाला असता आणि स्वेटर पुरा झाला असता. राहता राहिली काजं. मुलीच्या स्वेटरला ती उजव्या भागावर असतात, तुमची डाव्यावर येतील, मुलग्याच्या कपड्यासारखी. पण पोटातलं बाळ मुलगा की मुलगी हे आपल्या देशात जन्माआधी कुणी विचारायचंही नसतं आणि सांगायचंही नसतं. मग काजं कोणत्याही बाजूला येऊ द्या की.

तुमच्या पत्रातलं बरंच काही वर छापताना गाळलं, त्यात एक ओळ होती. ताईंनी दिलेलं काम पुढे विणायला घेतलं की तिथे एक आडवी, घट्ट, वेगळीच ओळ उठून दिसते, आणि हे आपल्या हाताचं अडाणीपण, असं तुम्ही धरून चाललात. ते तसं नाही हो. टाका सुईवर घोड्यावर बसल्यासारखा बसतो, एक पाय पुढे, एक मागे. उजव्या हाताने विणणारीच्या सुईवर टाक्याचा उजवा पाय पुढे असतो, डावरीच्या सुईवर डावा. ताईंनी विणून ठेवलेल्या टाक्यांत तुम्ही सवयीने पुढून सुई घातलीत की प्रत्येक टाक्याला पीळ बसतो. तुमच्या टाक्यांवर त्यांनी थेट विणलं तरी तेच होणार. शिवाय प्रत्येकीच्या हाताची ओढ निराळी असते. एक घट्ट ओढते, एक सैल सोडते, आणि एकाच कापडावर दोन हात फिरले की ते लपत नाही. तेव्हा ती खोट तुमच्या हाताची नव्हे. हात बदलला, त्याची ती खूण.

हे ताईंना ठाऊक नसणार. त्यांच्या डोळ्याला तुमचे टाके उलटे बसलेले दिसतात आणि पन्नास वर्षांची सवय लागलेला हात आपोआप पुढे होतो. त्यांचं मन वाईट आहे असं मला वाटत नाही. तरी त्यांनी केलं ते चूकच. दुसरीचं सुईवरचं काम तिला न विचारता उचलायचं नाही, मग ते कितीही चुकलेलं असो.

हे मी ठामपणे म्हणते, कारण मी स्वतः ते केलंय. माझी धाकटी जाऊ नवीन असताना माझ्या दिरासाठी मफलर विणत होती. टाके सुटलेले, कडा वेड्यावाकड्या. मी एका रात्री बसून हातभर मफलर उसवला, सरळ विणला आणि सकाळी कौतुकाने तिच्यापुढे धरला. तिने तो हातात घेतला, बघितला, घडी करून कपाटात ठेवला. पुढे त्या घरात तिने सुई हातात धरली नाही. मला ते कळायला फार वर्षं लागली, आणि तिची माफी मागायला त्याहून जास्त. ताईंवर ती वेळ येऊ नये असं मला मनापासून वाटतं. म्हणून तुम्ही गप्प बसू नका.

एक विचारते, रागावू नका. तुम्हीच लिहिलंय की पहिल्या मंगळवारी तुम्ही म्हणाला होतात, "मी नवशिकी आहे, काही चुकलं तर बघा हं." ताई ते अजून धरून चालल्या असतील. दिलेली मुभा तुम्हीच परत घ्यायची आहे, आणि ती चारचौघींत नाही. मंगळवार उजाडायच्या आधी त्यांच्या घरी जा. गुडघ्याचं निमित्त तिथेच संपवा. म्हणा, "ताई, तुमच्याकडून मला पुष्कळ शिकायचंय, पण माझं काम माझ्या हातूनच होऊ द्या. उसवायचं असेल तर मी उसवीन. तुम्ही न विचारता उसवलंत त्याचं मला फार वाईट वाटलं." शेवटचं वाक्य गाळू नका. आपण बायका तेच गिळतो.

मग पिशवीतून वीस टाके घातलेली सुई काढा आणि त्यांना शेजारी नाही, समोर बसवा. डावरीला शिकवायची जुनी रीत हीच, शिकवणारी समोर, म्हणजे तिचा उजवा हात शिकणारीला आपल्या डाव्यासारखा दिसतो. दोघी पाच-सहा ओळी विणा. इतकी वर्षं विणणाऱ्या बाईला पायांचा फरक सांगावा लागणार नाही, बोटांना कळेल. त्यानंतरही हात पुढे झालाच, तर आत जाताना पिशवी बरोबर घेऊन जा. त्यात भांडण नाही.

बाकीच्या हसल्या त्याचं मला ताईंच्या उसवण्यापेक्षा जास्त लागलं. साधारण दहा माणसांत एक डावरं असतं. सांगलीची स्मृती मानधना डावखुरी फलंदाजी करते तेव्हा याच आपण टीव्हीपुढे टाळ्या वाजवतो, आणि घरातली बाई डाव्याने सुई धरते तेव्हा 'डावं ते डावंच'? पुन्हा कुणी म्हणालं, तर विणता विणताच, आवाज न चढवता सांगा, "मला हे आवडत नाही." फुंकणीपुढे सहा वर्षांच्या मुलीला बोलता आलं नव्हतं. तुम्हाला येतं.

मंगळवार सोडू नका असं म्हणते, कारण तुमच्या पत्राचा निम्मा भाग त्या बायकांच्या कामांनी भरलेला आहे. कॅनडातल्या मुलासाठी केबलचा, म्हणजे पिळाच्या विणीचा, स्वेटर विणायला घेतलेली, जिची बाही तिसऱ्यांदा आखूड झाली. सरकारी दवाखान्यातल्या नवजात बाळांसाठी नुसती टोपडी विणणारी. सुनेच्या बाळंतविड्यासाठी कुंची, झबलं, पायमोजे एकाच गुंड्याच्या रंगात बसवणारी. जिला सोडून जायचंय ती इतकं बारकाईने लिहीत नाही.

आता स्वेटर. त्या 14 ओळी उसवा, स्वतःच्या हाताने. त्याआधी, तुमची शेवटची ओळ जिथे आहे तिथल्या टाक्यांतून वेगळ्या रंगाचा सुती दोरा ओवून घ्या, म्हणजे उसवताना खाली काही सुटणार नाही. टाके पुन्हा सुईवर घेताना डावा पाय पुढे. कड 12 नंबरच्या सुयांनी आणि अंग 10 नंबरच्या सुयांनी विणलंयत तेच ठीक आहे. पण पुढचा स्वेटर विणायला घ्याल तेव्हा माप नवजाताचं न ठेवता तीन ते सहा महिन्यांचं ठेवा. मार्गशीर्षातलं बाळ पौषाच्या थंडीत एका महिन्यात अंगाने भरतं आणि निफाडच्या बाजूचा गारठा तुम्हाला मी काय सांगायचा. जाळीची वीण नको, बाळाची बोटं अडकतात. उजवा भाग झाला की पुस्तकातला 'उजवा' वाचून डावा विणायला घ्या, आणि तो मंगळवारी सगळ्यांसमोर बसून विणा.