डायना रॉस गायिका म्हणून एवढी मोठी, मग अभिनेत्री म्हणून का आपटली? गाणाऱ्याने अभिनयाच्या नादी लागावं का?

डायना रॉस अभिनेत्री म्हणून आपटली हे मुळात ठरवलं कुणी? पहिल्याच सिनेमाला बेस्ट अ‍ॅक्ट्रेसचं ऑस्कर नॉमिनेशन मिळवणारी बाई आपटली म्हणायची, तर मग बोलणंच खुंटलं. तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की तुमची धाकटी बहीण गाणं शिकतेय, आता तिला एकांकिकेत काम करायचंय आणि घरात सगळ्यांचं म्हणणं आहे की असल्या नादात गाणं जाईल. मी डेट्रॉईटजवळ राहते, म्हणजे डायना रॉसच्याच गावाजवळ, आणि तुमचं हे वाक्य तिच्या नावासकट मला तोंडावर ऐकवलं गेलंय, तेव्हा उत्तर लांबणार.

द सुप्रीम्स हा तिचा मुलींचा ग्रुप, मोटाऊन ही डेट्रॉईटची रेकॉर्ड कंपनी, ग्रुपची १२ नंबर वन गाणी, हे सगळं तुम्हाला माहीत असणारच, ते परत सांगत बसत नाही. लोक विसरतात ते हे, की सिनेमात जायच्या कितीतरी आधीपासून ती गाण्यात अभिनय करत होती. १९६८ चं 'लव्ह चाइल्ड' ऐका. बापाचं नाव नसलेली, दुसऱ्यांनी टाकून दिलेला फाटका फ्रॉक घालून शाळेत गेलेली मुलगी प्रियकराला सांगतेय की माझ्या वाट्याला आलं ते आणखी एका मुलाच्या वाट्याला नको. टीव्हीवर एड सुलिव्हनच्या शोमध्ये हे गाणं म्हणायला ती चमचमते गाऊन बाजूला ठेवून साध्या स्वेटशर्टमध्ये, अनवाणी उभी राहिली. मग १९७० मध्ये ग्रुप सोडल्यावरचं 'एन्ट नो माउंटन हाय इनफ', त्यात ती कितीतरी वेळ नुसती बोलते, गातच नाही, हळू आवाजात कानाशी बोलल्यासारखी, आणि मग शेवटी सगळा कोरस उसळून वर येतो. मोटाऊनचा मालक बेरी गॉर्डी याला ते बोलणं लांबलेलं वाटत होतं, पण गाणं नंबर वन गेलं ते त्या बोलण्यामुळेच असं माझं ठाम मत आहे. तिचा आवाज काही अफाट नव्हता. सुप्रीम्समध्येच फ्लॉरेन्स बॅलर्डचा आवाज जास्त दमदार होता. डायनाचा पातळ, जरासा नाकातला, पण शब्द कुठे सोडायचा, कुठे अर्धवट ठेवायचा, श्वास कुठे ऐकू येऊ द्यायचा हे तिला जे कळायचं तो अभिनयच आहे हो, दुसरं काय आहे? त्यात मोटाऊनने मॅक्सिन पॉवेल नावाच्या बाईंना खास ठेवलेलं, चालायचं कसं, बसायचं कसं, गाडीतून उतरायचं कसं हे पोरींना शिकवायला. इतकी तालीम आमच्या इथल्या नाटकवाल्यांना पण नसते.

आता नाटकाचं निघालंच आहे तर सांगते.

इथे उपनगरात आमचा मराठी लोकांचा हौशी ग्रुप होता, वर्षातून एक दोन-अंकी नाटक बसवायचे, तालमी कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये, मुलं वर टीव्हीसमोर, थर्मासमधला चहा, घरी जाईपर्यंत रात्रीचे अकरा. मी गाते, लहानपणापासून शिकलेय, त्यामुळे ग्रुपमध्ये मी म्हणजे 'गाणारी' हे पक्कं ठरलेलं, पहिल्या वर्षापासून विंगेतून नांदी म्हण, मध्ये आलाप घे, एवढंच माझं काम. एका वर्षी ग्रुपमधल्याच एकाने नवीन संहिता लिहिली, आवाज गेलेल्या एका म्हाताऱ्या गायिकेची गोष्ट. मला वाचनातच तो रोल असा काही भिडला की मी सरळ मागितला. दिग्दर्शक वयाने मोठे, सगळे त्यांना दादा म्हणायचे, ते म्हणाले, "अगं, तू फ्लॅशबॅकची गाणी गा ना विंगेतून, अ‍ॅक्टिंगला आपल्याकडे माणसं आहेत. गाणाऱ्यांना वाटतं आपल्याला सगळंच येतं. तुमची डायना रॉस बघ, गेली सिनेमात आणि आपटली." वीसेक माणसं हसली. मला तेव्हा उत्तर सुचलं नाही असं नाही, सुचलं होतं, पण पाहुण्यासारखं दुसऱ्याच्या घरात बसून मोठ्या माणसाशी वाद कुठे घालायचा म्हणून गप्प बसले.

पुढे ज्यांना रोल दिला होता त्यांच्या सासऱ्यांना बरं नाही म्हणून त्यांना तातडीने भारतात जावं लागलं, प्रयोग तोंडावर आलेला, संवाद पाठ असलेली मी एकटीच, कारण सगळ्या तालमींना विंगेत बसून होते ना. नाइलाजाने मला उभं केलं.

त्या नाटकात एक जागा होती, म्हातारीकडे एक मुलगी शिकायला येते, तंबोरा लावते आणि म्हातारी सवयीने सा लावायला जाते आणि आवाज येत नाही. दादा म्हणाले, इथे ढसाढसा रडायचं. मी म्हटलं नाही. ज्याने रोज पहाटे उठून खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचे सूर, लावलाय त्याला माहीत असतं की सा लावायच्या आधी पोटात श्वास कसा भरतो, खांदे कसे सैल सोडतो, हनुवटी किती खाली येते. मी ते सगळं जसंच्या तसं केलं, तोंड उघडलं आणि नुसती हवा सोडली, आवाज नाही. मग परत एकदा. मग पदर सारखा केला आणि मुलीला म्हटलं, तुझा पंचम उतरलाय बघ. संपलं. रडायची गरजच पडली नाही, पुढच्या रांगेतल्या बायका रडत होत्या. हे मला अभिनय शिकल्यामुळे नाही आलं, गाणं शिकल्यामुळे आलं. प्रयोगानंतर दादा भेटले, म्हणाले गाणी छान झाली तुझी. फक्त गाणी! पुढच्या वर्षी मी परत विंगेत. मग मी जाणंच बंद केलं.

म्हणून 'लेडी सिंग्ज द ब्लूज' हा सिनेमा माझ्यासाठी नुसता सिनेमा नाहीये. १९७२ चा, बिली हॉलिडेवरचा. बिली म्हणजे जॅझमधली केवढी मोठी बाई, ड्रग्जपायी तुरुंगात गेलेली, ४४ व्या वर्षी १९५९ मध्ये वारलेली. डायनाला तो रोल दिला तेव्हा जाणकारांनी नाकं मुरडली, ही पॉपवाली चकचकीत पोरगी, ना बिलीसारखी दिसते ना तिच्यासारखी गाते. आणि तिने काय केलं? नक्कल केलीच नाही. बिलीची शब्द मागे ओढायची पद्धत घेतली, आवाज स्वतःचाच ठेवला. सिनेमा सुरू होतो तोच तिला अटक करून आणलंय, बोटांचे ठसे, फोटो, मग हात बांधणारा तो वेड्यांचा अंगरखा घालून कोठडीत टाकतात. सुपरस्टारची पहिली एंट्री अशी, केस विस्कटलेले, चेहऱ्याचं पार पाणी गेलेलं. पुढे बाथरूममधला प्रसंग आहे, प्रियकर तिला ड्रग्जपासून अडवायला बघतो आणि ती हातात वस्तरा घेऊन त्याच्यासमोर उभी राहते. तो बघा आणि मग मला सांगा ही गायिका अभिनयाच्या नादी लागलेली आहे का. रिचर्ड प्रायरबरोबरचे प्रसंग तर समोर दोन मित्र गप्पा मारतायत इतके मोकळे आहेत.

त्या वर्षी ऑस्कर 'कॅबरे'साठी लायझा मिनेलीला मिळालं, ठीक आहे, तीही कमालच आहे, आणि तीसुद्धा गाणारीच बरं का. पण त्याच यादीत डायना आणि 'साउंडर'साठी सिसिली टायसन, अशा दोन कृष्णवर्णीय अभिनेत्री एकाच वर्षी बेस्ट अ‍ॅक्ट्रेससाठी, हे पहिल्यांदाच घडत होतं. त्याआधी या गटात कृष्णवर्णीय बाईचं नाव आलं होतं ते १९५४ च्या 'कारमेन जोन्स'साठी डोरोथी डँड्रिजचं. डायनाला त्या वर्षी नवोदित अभिनेत्रीचा गोल्डन ग्लोबही मिळाला, सिनेमातल्या गाण्यांचा अल्बम अमेरिकेत नंबर वन गेला. याला कुणी आपटणं म्हणत असेल तर मला असं आपटायला आवडेल.

मग पुढे काय झालं हा तुमचा खरा प्रश्न. १९७५ चा 'महॉगनी', शिकागोची मुलगी रोमला जाऊन मोठी फॅशन डिझायनर होते. डायना शाळेत, इथल्याच कॅस टेक्निकलमध्ये, ड्रेस डिझाइन शिकलेली, सिनेमातले कपडे तिनेच डिझाइन केले. पण दिग्दर्शक टोनी रिचर्डसनला मध्येच काढून बेरी गॉर्डी स्वतः दिग्दर्शनाला बसला, आणि रेकॉर्ड कंपनी चालवणं वेगळं, सिनेमा वेगळा, गोष्ट सगळी विस्कटली. टायटल साँग मात्र नंबर वन. नंतर १९७८ चा 'द विझ', 'विझर्ड ऑफ ऑझ'ची गोष्ट कृष्णवर्णीय कलाकारांना घेऊन. इथे मी तिची बाजू घेणार नाही, डोरोथी ही लहान मुलगी आहे, डायना चौतिशीत, तिच्यासाठी डोरोथीला चोवीस वर्षांची शिक्षिका करून टाकली, ते जमलं नाही. रोलसाठी हट्ट तिचाच होता. जवळपास अडीच कोटी डॉलर खर्च, सुटले नाहीत. पण गंमत बघा, त्याच सेटवर मायकल जॅक्सन आणि संगीत निर्माता क्विन्सी जोन्स यांचं जमलं आणि त्यातून 'ऑफ द वॉल' आणि 'थ्रिलर' हे अल्बम झाले.

माझं म्हणणं एवढंच की एक सिनेमा पडल्यावर गोऱ्या हिरोला दुसरा मिळतो, तिसरा मिळतो. हिला नाही मिळाला. 'द विझ' पडल्यावर हॉलीवूडने कृष्णवर्णीय कलाकारांच्या मोठ्या बजेटच्या सिनेमांमधूनच अंग काढून घेतलं. 'द बॉडीगार्ड'ची गोष्ट आधी स्टीव्ह मॅक्वीन आणि डायनासाठी घोळत होती, ती रेंगाळत रेंगाळत १९९२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टनकडे गेली. म्हणजे काम न मिळणं आणि काम न येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आमच्या दादांना हे कळलं नाही आणि तुमच्या घरच्यांनाही कळत नाहीये. ज्यांच्या हातात रोल वाटायचं असतं ते एकदा शिक्का मारतात, गाणारी म्हणून, आणि मग म्हणतात बघा, तिने नंतर काही केलंच नाही. १९९४ मध्ये तिने टीव्हीसाठी 'आउट ऑफ डार्कनेस' केला, स्किझोफ्रेनिया झालेल्या मेडिकलच्या विद्यार्थिनीचा रोल, ग्लॅमरचा लवलेश नाही, गोल्डन ग्लोबचं नॉमिनेशन मिळालं. सोळा वर्षांनी मिळालेल्या चान्सचं एवढं सोनं केलं, मग मधली सोळा वर्षं कुणामुळे गेली?

आणि गाणं गेलं का? १९७२ नंतरच 'टच मी इन द मॉर्निंग', १९८० मध्ये नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्सबरोबर 'अपसाइड डाऊन', १९८१ मध्ये लायनेल रिचीबरोबर 'एंडलेस लव्ह', तेही नऊ आठवडे नंबर वन. सेंट्रल पार्कमध्ये १९८३ ला धो धो पावसात गात राहिली, कार्यक्रम थांबवावा लागला तर दुसऱ्या दिवशी परत येऊन केला. अभिनयाने तिच्या गाण्याचं काडीचं नुकसान केलं नाही.

हां, एक मान्य करायला हवं की तिच्या पाठीशी गॉर्डीसारखा माणूस आणि त्याचा पैसा होता, तो नसता तर बिलीचा रोल तिच्यापर्यंत आलाच नसता. फ्लॉरेन्स बॅलर्डला ते काहीच मिळालं नाही, १९६७ मध्ये ग्रुपमधून काढलं, ३२ व्या वर्षी गेली बिचारी, आणि डायनाचं कौतुक करताना हे मनात खुपतंच. शिवाय प्रत्येक गाणाऱ्याला अभिनय येतोच असंही नाही, काही जण स्टेजवर तंबोऱ्यासारखे उभे राहतात.

बहिणीला करू द्या एकांकिका. बोलायचा रोल मागू द्या, नुसती गाणी आहेत म्हणून घेतलं तर नाही म्हणू द्या. आवाजाची काळजी मात्र खरंच घ्या, कॉलेजच्या तालमींमध्ये माइक नसतो आणि पोरं घशातून किंचाळतात, तेवढं तिला सांगा की संवादसुद्धा खर्जासारखा पोटातूनच काढायचा आणि तालमीच्या दिवशी रियाज सकाळीच उरकायचा, रात्री दमलेल्या गळ्याने तार सप्तकात, म्हणजे वरच्या सुरांत, जायचं नाही. सिनेमा दाखवायचा तर 'लेडी सिंग्ज द ब्लूज' पासून सुरुवात करा, घरच्यांनाही शेजारी बसवा, 'द विझ' नंतर कधीतरी बघितला तरी चालेल.