निघायचे की नाही, हे तू ठरव

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र काल मिळाले. गुडघ्यात कळ येत असताना सायकलच्या शर्यतीला उभे राहावे का, असे तू विचारतोस. परंतु चार पानांत गुडघ्याबद्दल दोनच ओळी आहेत, बाकी सगळीकडे गावकरी, पुरस्कर्ते आणि छापून झालेले फलक. म्हणून तुला थाडेउस रोब्लची हकिकत सांगतो.

रोब्ल जर्मनीतल्या बव्हेरियाचा. मोटारसायकलच्या मागे धावणाऱ्या सायकलपटूंमध्ये तो १९०१ आणि १९०२ अशी लागोपाठ दोन वर्षे जगज्जेता झाला. या प्रकारात पुढची मोटारसायकल वारा कापते आणि मागचा स्वार तिच्या आडोशाला चिकटून जातो. आडोसा सुटला की वारा भिंतीसारखा छातीवर आदळतो, आणि त्या वेगात टायर फुटला तर सावरायला क्षणही मिळत नाही. १९०५ मध्ये लाइपझिगच्या ट्रॅकवर विली श्मिटर पडला आणि गेला, अवघ्या एकविसाव्या वर्षी. १९०९ मध्ये बर्लिनला अशीच एक मोटारसायकल प्रेक्षकांत घुसून नऊ माणसे दगावली. त्या काळातून रोब्ल जिवंत बाहेर आला. लोक याला नशीब म्हणतील, पण मला ते पुरेसे वाटत नाही. मोटारसायकलला किती चिकटायचे आणि कधी मागे राहायचे, हे ट्रॅकवर त्याचे तोच ठरवत होता.

पुढे तो विमानाकडे वळला. १८ जून १९१० रोजी, आज पोलंडमध्ये असलेल्या श्टेटीन शहरात, वारा उड्डाणाला योग्य नव्हता. परंतु जमलेले लोक ताटकळून अस्वस्थ झाले होते. रोब्ल उडाला आणि विमानासह कोसळून मरण पावला. तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता.

निघायचे की नाही, हे ज्याच्या अंगावर बेतणार त्यानेच ठरवायचे असते. मी हे फार उशिरा शिकलो. तुझ्याच वयाचा असताना, सुजलेल्या गुडघ्यावर पट्टी आवळून मी घाटातल्या शर्यतीत उतरलो, कारण वडिलांचे मित्र टेम्पो भरून आले होते. तिसऱ्या वळणावर पेडल खाली जाईना. पुढचे दोन हंगाम मी ओसरीवर बसून काढले, आणि त्या टेम्पोतले एकही माणूस विचारपूस करायला आले नाही. नंतर एकदा ओल्या रस्त्यावर मी उतरण्यास नकार दिला, तेव्हा मला भित्रा म्हटले गेले. त्या दिवशी मी बरोबर होतो. तीस वर्षे झाली, तरी हे मी कोणालाही पुन्हा सांगायला तयार आहे.

तू म्हणशील, लोक वाट पाहत आहेत. अरे, श्टेटीनचे लोकही वाटच पाहत होते! तुझी जिद्द मला ठाऊक आहे, म्हणून तिच्याविषयी काही लिहीत नाही. मात्र निघायचे की नाही, हे त्या फलकांना ठरवू देऊ नकोस. गुडघा सांगतो आहे ते आधी ऐक.

आयोजकांना आजच दोन ओळींचे पत्र पाठव, कारणे देत बसू नकोस. शनिवारी सायकल घेऊन माझ्याकडे ये. तुझी सीट मला एक बोट खाली वाटते. ती आपण मोजून पाहू, आणि डॉक्टरांचा कागद आठवणीने सोबत आण.

तुझा,
काका