ज्यू गाणी-नाच, सगळ्या वयांसाठी

प्रश्न: आमच्या लायब्ररीत पारंपरिक ज्यू संगीत आणि नाचाचा कार्यक्रम करायचाय, समोर पाच वर्षांची पोरं पण असतील आणि आजी-आजोबा पण. सुरुवात कशाने करू?

उत्तर: निगुनने करा, बिनधास्त! हसिदी ज्यूंची, म्हणजे ज्यूंमधल्या एका भक्तिमार्गी पंथाची, ही गायची पद्धत, बहुतेक वेळा शब्दच नसतात, नुसतं याय-दाय-दाय, त्यामुळे हिब्रू किंवा यिडिश यायची गरजच नाही आणि दोन मिनिटांत अख्खा हॉल गायला लागतो. मग क्लेझमर, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या लग्नातलं संगीत, व्हायोलिन, क्लॅरिनेट, संतूरच्या जातीचं त्सिम्बल. ते नाचासाठीच होतं, त्यामुळे खुर्च्या मांडून नुसतं ऐकवू नका प्लीज, मधली जागा मोकळी ठेवा. फ्रेलेखस नावाच्या नाचाचा गोल सगळ्यात सोपा, हात धरायचे नि चालत फिरायचं, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी बसून टाळ्या द्याव्यात, तेही तितकंच महत्त्वाचं. चार जोड्यांचा ‘शेर’ नावाचा नाच मात्र मोठ्यांना आधी शिकवून ठेवा, लहान पोरं त्यात गोंधळतात.

आणि आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलींना, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाला, विसरू नका हं! एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्यांनी बायबलमधल्या मोशे, योसेफच्या गोष्टींवर चक्क मराठीत कीर्तनं केली, आणि बायकांची मराठी गाणी तर अजून कुणाकुणाला पाठ आहेत. त्यातलं एखादं समाजातल्याच कुणाला गायला बोलवा. फक्त शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ टाळा, शब्बाथला, म्हणजे त्यांच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी, धार्मिक ज्यू वाद्यं वाजवत नाहीत.