स्टँडबायचा स्विच: २५० व्होल्ट लिहिलंय, चालेल का?

प्रश्न: नमस्कार सर, गिटारसाठी ईएल३४ व्हॉल्व्हचा पुश-पुल (व्हॉल्व्ह जोडीनं आलटून-पालटून काम करतात असा) अँप बांधतोय, ट्रान्सफॉर्मर ३५०-०-३५० चा, पुढे एसीचं डीसी करायला डायोड रेक्टिफायर. तापकीर गल्लीतून टॉगल स्विच आणलाय, त्यावर २५० व्होल्ट एसी ६ अँपिअर छापलंय. एचटीला (व्हॉल्व्हच्या उच्च व्होल्टेज डीसीला) करंट पाव अँपिअरसुद्धा नाही, मग स्टँडबायला, म्हणजे व्हॉल्व्ह तापलेले ठेवून फक्त एचटी तोडायला, हा चालेल ना? – एक वाचक, पुणे

उत्तर: नाही, कृपया लावू नका. ६ अँपिअर बघून सगळ्यांना वाटतं भरपूर मार्जिन आहे, पण इथे प्रश्न करंटचा नाही, डीसीचा आहे. आपल्याकडची एसी ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते, कॉन्टॅक्ट उघडताना पडलेली ठिणगी तिथेच विझते. डीसी शून्यावर येतच नाही, त्यामुळे आर्क टिकून राहतो, कॉन्टॅक्ट जळतात किंवा चिकटतात. म्हणून असल्या स्विचच्या डेटाशीटमध्ये डीसीचा आकडा बघा, बऱ्याचदा ३० व्होल्टच्या आसपास असतो. आणि तुमच्याकडे ३५० गुणिले १.४१, म्हणजे व्हॉल्व्ह थंड असताना जवळपास ४९५ व्होल्ट! (कपॅसिटर ४५० व्होल्टचे घेतले असतील तर तेही आजच बदला.)

माझ्या एका जुन्या अँपमध्ये असाच स्विच होता, दोनेक वर्षं छान चालला, मग एक दिवस दांडा खाली केला तरी अँप वाजतच राहिला. उघडून बघितलं तर कॉन्टॅक्ट वेल्ड झालेले आणि आतलं बेकेलाइट काळं पडलेलं. कार्बनचा तो थर करंट वाहून नेतो, आणि बोट लागतं ते स्विचच्या धातूच्या दांड्यालाच, म्हणून चेसिसला थ्री-पिनचं अर्थिंग पक्कं हवंच.

मग करायचं काय? माझं स्पष्ट मत, स्टँडबाय काढूनच टाका. गिटार अँपमध्ये तो फेंडरच्या जुन्या डिझाइन्समुळे रूढ झाला, पण या व्होल्टेजला व्हॉल्व्हना त्याची गरज नाही, उलट फिलामेंट तापलेलं आणि करंट बंद असं तासन् तास ठेवलं तर कॅथोडलाच त्रास होतो. हळू सुरुवात हवी असेल तर डायोडऐवजी जीझेड३४ हा व्हॉल्व्ह रेक्टिफायर वापरा, तो तापेपर्यंत एचटी येतच नाही, फक्त ट्रान्सफॉर्मरला ५ व्होल्टचं वाइंडिंग आहे का बघा. ब्रेकमध्ये आवाज बंद करायचा असेल तर कपलिंग कपॅसिटरच्या (सिग्नल पुढे सोडून डीसी अडवणाऱ्या) पुढे, मास्टर व्हॉल्यूमपाशी सिग्नल ग्राउंड करा, तिथे डीसी नसतं, छोटा स्विचही पुरतो. तुमचा आणलेला स्विच वाया जात नाही हं, तो डबल पोल असेल तर मेन्सला लावा, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडायला, फ्यूज फेजवर.

आणि एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. स्टँडबाय ठेवलाच असेल आणि तो उघडा, म्हणजे एचटी तोडलेला, असताना मेन्स बंद केला तर रेक्टिफायरनंतरचा पहिला कपॅसिटर तसाच भरलेला राहतो, कारण त्याला रिकामं करायला कोणी नसतं. त्याच्या दोन टोकांवर २२० किलोओहमचा ३ वॉटचा रेझिस्टर कायमचा टाका, तोही स्विचच्या आधी, कपॅसिटरला थेट. १०० मायक्रोफॅरॅड असेल तर सुमारे ५० सेकंदांत व्होल्टेज ५० च्या खाली येतं. तरी हात घालण्याआधी मीटरने मोजायचंच, दर वेळी.

प्रश्न: स्पीकरचा ४-८-१६ ओहम सिलेक्टर रोटरी घेऊ का? – एक वाचक, नाशिक

उत्तर: घ्या, पण शॉर्टिंग प्रकारचा, म्हणजे पुढचा कॉन्टॅक्ट लागल्यावरच आधीचा सुटतो तो. नाहीतर फिरवताना क्षणभर लोड (स्पीकर) सुटतं आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला मोठा व्होल्टेज उसळतो, सॉकेटवर आर्क होऊ शकतो. आणि शॉर्टिंग असला तरी फिरवायचा तो अँप बंद करूनच.