युद्धाच्या कारणांवर शंका आली तर

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकेचं नागरिकत्व घेताना शपथ घेतली आणि आता सरकार परदेशातल्या युद्धाची जी कारणं सांगतंय ती पटत नाहीत, तर ही बेइमानी होते का, असं तू विचारलंस. नाही होत. ती शपथ तिथल्या राज्यघटनेची आहे, राष्ट्राध्यक्षांच्या भाषणाची नाही. पण नुसतं ‘पटत नाही’ म्हणून थांबलीस तर त्या शंकेचा कुणालाच उपयोग नाही. कोणतं वाक्य पटत नाही आणि का, हे बोट ठेवून सांगता आलं पाहिजे. ते शिकायला २००३ चं इराक युद्ध चांगलं. इराककडे अण्वस्त्रांची तयारी आणि रासायनिक, जैविक अस्त्रं आहेत, असं सांगून अमेरिकेनं ते केलं. ते चांगलं, कारण त्याचे बरेचसे कागद आता उघडे आहेत. कोणाला काय माहीत होतं आणि जनतेपर्यंत येईतो त्यातलं काय गळलं, हे ओळीओळीनं तपासता येतं.

सुरुवात अशी कर. भाषणाचा अधिकृत मजकूर उतरवून घे आणि छापून वाच. युद्धाचं कारण सांगणारी वाक्यं तेवढी एका कागदावर एकाखाली एक लिही आणि प्रत्येकापुढे चार रकाने आख: कोण म्हणतंय, कशावरून, माहिती केव्हाची, आणि कोणाचं मत वेगळं. तासाभराच्या भाषणातून अशी फार वाक्यं निघत नाहीत. बाकीचा मजकूर शौर्याचा आणि शत्रूच्या क्रौर्याचा असतो. ते क्रौर्य खरंही असतं. इराकचा हुकूमशहा सद्दाम हुसेन यानं १९८८ मध्ये हलबजात स्वतःच्याच देशातल्या कुर्दांवर विषारी वायू सोडला होता. पण ‘आत्ताच युद्ध का?’ याचं उत्तर त्यातून मिळत नाही.

आता एक वाक्य घेऊ. २८ जानेवारी २००३ च्या भाषणात जॉर्ज बुश म्हणाले की, सद्दामनं अलीकडे आफ्रिकेतून मोठ्या प्रमाणावर युरेनियम मिळवायचा प्रयत्न केला, असं ब्रिटिश सरकारला कळलं आहे. मूळ इंग्रजीत हे सोळा शब्द. पहिला रकाना भरतानाच हात थांबायला हवा: अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ब्रिटनच्या तोंडून का बोलतायत? त्यांच्याकडे स्वतःची सीआयए आहे. पुढे कळलं की आदल्या ऑक्टोबरमधल्या भाषणातून हाच मुद्दा सीआयएनं काढायला लावला होता. ७ मार्चला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख मोहम्मद अल-बरादेई यांनी सुरक्षा परिषदेत सांगितलं की आफ्रिकेतल्या नायजर देशाशी युरेनियमचा सौदा झाल्याचे म्हणून दाखवलेले कागद अस्सल नाहीत. त्यातल्या २००० सालच्या एका पत्रावर १९८९ मध्येच पद सोडलेल्या मंत्र्याची सही होती! ब्रिटननं आपला आधार वेगळा असल्याचं सांगितलं, पण ते वाक्य भाषणात यायला नको होतं, हे व्हाइट हाउसनं जुलैमध्ये मान्य केलं. तोवर बगदाद पडून तीन महिने झाले होते. म्हणून सरकार आपलं विधान दुसऱ्याच्या नावावर करतं तिथे लाल खूण कर.

दुसरी खूण शब्दांची. ‘ध’चा ‘मा’ करायला एक अक्षर पुरतं, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. ऑक्टोबर २००२ मध्ये अमेरिकेच्या गुप्तचर यंत्रणांनी मिळून इराकच्या अस्त्रांविषयी नव्वदहून अधिक पानांचा गोपनीय अंदाज तयार केला, आणि त्याच महिन्यात जनतेसाठी त्याची छोटी आवृत्ती निघाली. गोपनीय प्रतीत जिथे ‘आमचा अंदाज असा’ होतं, तिथले ते शब्द जाहीर प्रतीत अनेक ठिकाणी गळले आणि विधान सरळ सत्य होऊन बसलं. कोणत्या खात्याचं मत वेगळं होतं, तेही गेलं. नंतर सिनेटच्या समितीनं दोन्ही प्रती शेजारी ठेवून हे दाखवून दिलं. तुझ्या हाती गोपनीय प्रत कधीच येणार नाही, पण त्याच अधिकाऱ्याची दोन महिन्यांतली चार विधानं येतात. ती तारखेनं लाव. ‘असू शकतं’चं ‘असावं’ आणि ‘असावं’चं ‘आहे’ झालं असेल, तर मधल्या काळात नवा पुरावा कोणता आला, ते शोध. काहीच आला नसेल तर तिथे पाणी मुरतंय.

‘हिशेब लागत नाही’ आणि ‘साठा आहे’ यांतली दरी अशीच बुजवली गेली. इराकनं पूर्वी ८,५०० लिटर अँथ्रॅक्स (जीवघेण्या रोगजंतूंचं अस्त्र) केल्याचं सांगितलं होतं. संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांचा अंदाज होता की २५,००० लिटरपर्यंत करणं त्यांना शक्य होतं. हा फरक म्हणजे हिशेबातली तूट. ती गंभीर होती आणि विचारणं रास्तच होतं. पण वहीत तूट आहे म्हणून कोठारात माल आहे, असं कुठलाही हिशेबनीस म्हणणार नाही.

आता ॲल्युमिनियमच्या नळ्या जवळून बघ, कारण सगळ्या प्रकरणाचा जीव तिथे आहे. इराकनं हजारो नळ्या मागवल्या होत्या. व्यास ८१ मिलिमीटर, लांबी ९०० मिलिमीटर, भिंत ३.३ मिलिमीटर जाड, वर गंजरोधक लेप. त्यांतल्या काही २००१ मध्ये जॉर्डनमध्ये पकडल्या गेल्या. सीआयएचं म्हणणं, या अणुबाँबसाठी युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूज यंत्रांसाठी आहेत. ऊर्जा खात्याच्या तज्ज्ञांनी मापं बघून सांगितलं की सेंट्रिफ्यूजच्या मानानं भिंत फार जाड आहे आणि तो लेप आधी खरवडून काढावा लागेल. उलट इराक ज्या ८१ मिलिमीटरच्या रॉकेटसाठी पूर्वीपासून नळ्या वापरत आला, त्याला ही मापं तंतोतंत बसतात. लेपाचं कारणही साधं होतं: आधीच्या नळ्या उघड्यावर गंजून वाया गेल्या होत्या. अमेरिकेत सेंट्रिफ्यूज स्वतः हाताळलेली माणसं ऊर्जा खात्याच्या प्रयोगशाळांत बसतात. म्हणजे ज्यांना त्या वस्तूतलं सगळ्यात जास्त कळत होतं, तेच ‘नाही’ म्हणत होते. वैमानिकरहित विमानांच्या दाव्याचंही तेच झालं. ती जैविक अस्त्रांसाठी आहेत हे हवाई दलाच्याच गुप्तचरांना मान्य नव्हतं. म्हणून चौथा रकाना भरताना किती जण ‘हो’ म्हणाले हे मोजू नकोस. ती वस्तू कोणाच्या हाताखालून जाते, ते विचार.

या नळ्यांची बातमी ८ सप्टेंबर २००२ ला न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आली, सरकारी सूत्रांच्या हवाल्यानं. त्याच दिवशी उपाध्यक्ष डिक चेनी यांनी दूरचित्रवाणीवर त्याच बातमीचा दाखला दिला. सरकारनं सांगितलेलं सरकारकडेच परत आलं, पण वाटेत वर्तमानपत्राचा शिक्का लागला आणि ऐकणाऱ्याला दोन साक्षीदार वाटले. बातमीत ‘वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या मते’ दिसलं की दुसऱ्या रकान्यात ‘सरकार’ असंच लिही. नाइट रिडर या वृत्तपत्रसमूहाचे वार्ताहर त्याच काळात वेगळं लिहीत होते, कारण ते मंत्र्यांऐवजी खालच्या फळीतल्या विश्लेषकांना विचारत होते.

साक्षीदार माणूस असेल तर तीन प्रश्न पुरतात. त्याला आपल्याकडच्या कोणी समोर बसवून विचारलं का? तो शपथेवर बोलला का? बोलला तेव्हा कोणाच्या ताब्यात होता? फिरत्या जैविक प्रयोगशाळांची गोष्ट सांगणारा ‘कर्व्हबॉल’ या टोपणनावाचा इराकी माणूस जर्मन गुप्तचरांकडे होता आणि युद्धापूर्वी अमेरिकनांना त्याची थेट चौकशी करता आली नाही. २०११ मध्ये त्यानं खोटं बोलल्याचं कबूल केलं. इराकनं अल-कायदाला विषारी अस्त्रांचं प्रशिक्षण दिलं, हा दावा इब्न अल-शेख अल-लिबी या कैद्याच्या जबाबावर उभा होता. तो जबाब इजिप्तच्या कोठडीत घेतलेला होता आणि पुढे त्यानं तो मागे घेतला. त्याआधीच्या आखाती युद्धाच्या वेळी, १९९० मध्ये, इराकी सैनिकांनी कुवेतच्या रुग्णालयातली अर्भकं मरायला टाकली अशी हकिगत सांगणारी मुलगी कुवेतच्या राजदूताची मुलगी होती, हे ते युद्ध संपल्यावर कळलं.

इतकं वाचून सगळंच खोटं असतं असं मनात घेऊ नकोस. २००२ मध्ये संशय घेणाऱ्या खात्यांनाही इराककडे काही रासायनिक, जैविक अस्त्रं असतील असंच वाटत होतं. मुख्य निरीक्षक हान्स ब्लिक्सही इराकबद्दल साशंक होते. फरक एवढाच की त्यांनी आणखी काही महिने मागितले आणि ते मिळाले नाहीत. १८ मार्च २००३ ला निरीक्षक बाहेर पडले, २० तारखेला बाँब पडू लागले. निरीक्षण चालू असताना युद्धाची घाई झाली, हा मला त्या प्रकरणातला सगळ्यात मोठा दोष वाटतो. तिसऱ्या रकान्यापाशी हे नेहमी विचार: थांबलो तर काय बिघडतं, आणि ते कोण सांगतंय?

उलट बाजूही आहे. २०२२ च्या सुरुवातीला रशिया युक्रेनवर चाल करणार, असं अमेरिका आणि ब्रिटन सांगत होते. इराकच्या दुधानं तोंड पोळलेल्या अनेकांनी हे ताक फुंकून प्यायलं आणि चुकले. २४ फेब्रुवारीला फौजा घुसल्या. त्या वेळी सीमेवरच्या जमवाजमवीची खाजगी उपग्रहांनी टिपलेली छायाचित्रं कोणालाही बघता येत होती. पुरावा सरकारच्या बाहेर तपासता येतो का, हे बघ आणि येत असेल तर त्याला त्याचं वजन दे. हल्ला झाल्यावर काही दिवसांतच रशियानं सैन्याबद्दल ‘खोटी माहिती’ पसरवणाऱ्याला १५ वर्षांपर्यंतच्या तुरुंगवासाचा कायदा केला. तू विचारतेस ते प्रश्न तिथल्या तुझ्या वयाच्या मुली तेवढी किंमत मोजून विचारतात.

आता तक्त्याचं करायचं काय? तुझा एक प्रतिनिधी आणि दोन सिनेटर. तिघांनाच लिही, दुसऱ्या मतदारसंघातली पत्रं सहसा बाजूला पडतात. २००१ च्या अँथ्रॅक्स पाकिटांनंतर कॅपिटॉलमध्ये जाणारं टपाल तपासणीत अडकून उशिरा पोचतं, म्हणून संकेतस्थळावरचा अर्ज, फोन किंवा मतदारसंघातलं कार्यालय गाठ. एक पान, एक वाक्य, एक प्रश्न. ‘युद्ध थांबवा’ असं लिहिलंस तर छापील उत्तर येईल. प्रश्न असा हवा की ज्याला हो किंवा नाही म्हणावंच लागेल: ‘गोपनीय अंदाज आपण स्वतः पूर्ण वाचला आहे का, आणि अमुक दाव्यावर कोणत्या खात्याचं मत वेगळं आहे?’ २००२ मध्ये तो अंदाज सदस्यांना सुरक्षित खोलीत वाचायला ठेवला होता, पण फार थोड्यांनी वाचला. गुप्तचर समितीचे अध्यक्ष बॉब ग्रॅहॅम यांनी वाचला आणि युद्धाला मंजुरी देणाऱ्या ठरावाविरोधात मत दिलं. तो ठराव २ ऑक्टोबरला मांडला गेला, १० आणि ११ ला मंजूर झाला: प्रतिनिधीगृहात २९६ विरुद्ध १३३, सिनेटमध्ये ७७ विरुद्ध २३. म्हणजे तुझ्या हाती आठ-नऊ दिवस असतात. तक्ता आधी तयार पाहिजे. ठराव न होताच फौजा गेल्या तर १९७३ चा कायदा आहे: ४८ तासांत काँग्रेसला कळवायचं आणि मंजुरी नसेल तर ६० दिवसांत थांबवायचं. पहिल्या दिवसापासून तारखा मोज. ज्या मदतनिसाशी बोललीस त्याचं नाव आणि वेळ टिपून ठेव आणि दहा दिवसांनी पुन्हा फोन कर. मात्र तुझ्या नोकरीत गोपनीय कागदांचा संबंध येत असेल, तर आधी वकिलाला विचार.

मंडळात लोक म्हणतील, आपण बाहेरून आलेले, आपल्याला काय करायचंय. त्यांना कुतची गोष्ट सांग. पहिल्या महायुद्धात इराकमधल्या त्या गावी २९ एप्रिल १९१६ ला शरण गेलेल्या फौजेचं नाव होतं सहावी पुणे डिव्हिजन, आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या. पुढच्याच वर्षी बगदाद घेतल्यावर ब्रिटिश सेनापतीनं जाहीर केलं की आम्ही जिंकायला नाही, मुक्त करायला आलोय. त्या पलटणींतल्या घरांना युद्धाचं कारण कोणी विचारलंही नव्हतं. तुला मत आहे.

तक्त्याला पाचवा रकाना आख आणि तो रिकामा ठेव: पुढे काय निघालं. इराकमध्ये अस्त्रांचे साठे नव्हते, हे सांगणारा ड्यूल्फर अहवाल सप्टेंबर २००४ मध्ये आला आणि युद्धाच्या निर्णयाची चौकशी करणारा ब्रिटनचा चिलकॉट अहवाल ६ जुलै २०१६ ला, म्हणून वही टिकाऊ घे. पहिली तीन वाक्यं उतरवून झाली की मला पाठव, रकाने आपण मिळून भरू.

तुझी,
मावशी