अडलेला एक कागद

आठवड्यातून दोन-तीन फोन तरी असे येतात. आवाज वेगळा, वाक्य तेच. "ताई, घराच्या कर्जासाठी सगळे कागद दिले होते हो. आता पुन्हा मागतायत. नाकारणार बहुतेक."

माझं उत्तरही ठरलेलं. नाकारायचं असतं तर एव्हाना तसं पत्र आलं असतं. कागद मागतायत म्हणजे तुमची फाइल कुणीतरी उघडून वाचतंय. हे उत्तर फोनवर कुणालाही पटत नाही, हेही मला ठाऊक आहे. कागद शोधायचा कंटाळा असतोच, पण खरं टोचतं ते दुसरंच. आयुष्यभर कुणाचा रुपया बुडवला नाही आणि आता एक अनोळखी माणूस विचारतो, हे चारशे डॉलर कुठून आले?

मी न्यू जर्सीत घर घेणाऱ्यांचं समुपदेशन करते. मुंबईत मानसशास्त्रात एम.ए. केलं, काही वर्षं नवरा-बायकोची भांडणं ऐकली, आणि इथे आल्यावर हडची, म्हणजे अमेरिकेच्या गृहनिर्माण खात्याची, परीक्षा देऊन या कामात शिरले. आमच्या संस्थेतले बाकीचे हिशेबाला माझ्यापेक्षा पक्के आहेत. पण फाइल अडली की ती माझ्या टेबलावर येते, आणि ते मला आवडतं, खोटं कशाला सांगू.

एफएचएचं कर्ज म्हणजे सरकारी कर्ज असा आपल्याकडे समज आहे. एफएचए, म्हणजे हडच्याच अखत्यारीतली संस्था, स्वतः एक डॉलरही देत नाही. १९३४ पासून ती विमा उतरवते, आणि तोही बँकेचा. तुम्ही हप्ते थकवले तर बँकेचं नुकसान विम्यातून भरून निघतं. त्या विम्याचा हप्ता मात्र तुम्ही भरायचा: सुरुवातीला कर्जाच्या १.७५ टक्के, जे बहुतेक जण कर्जातच मिळवतात, आणि शिवाय दरवर्षी, साडेतीन टक्केच डाउन पेमेंट देणाऱ्या बहुतेकांना, ०.५५ टक्के. म्हणून बँकेला दुहेरी धास्ती असते, हप्ते थकण्याची आणि विमा न मिळण्याची. उद्या विमा मागायची वेळ आली आणि फाइलमध्ये एक पान कमी निघालं, तर विमाच नाकारला जाईल. ते पान ती तुमच्याकडे मागते. तुमच्या चारित्र्याशी त्याचा काही संबंध नाही.

मंदार आणि केतकी (नावं बदलली आहेत, तपशीलही थोडे फिरवले आहेत) गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आले. दोघांची ग्रीन कार्डं झालेली. हे मुद्दाम सांगते, कारण २५ मे २०२५ पासून एच-वन-बी या तात्पुरत्या कामाच्या व्हिसावर असलेल्यांना एफएचएचं दार बंद झालं आहे. आजही लोक जुन्या माहितीवर धावपळ करत येतात आणि मला त्यांना पहिल्या पाच मिनिटांत दुसऱ्या कर्जाकडे वळवावं लागतं.

केतकीने जाडजूड फाइल आणली होती, रंगीत चिकटपट्ट्या लावलेली. दोन वर्षांचे डब्ल्यू-टू (कंपनीने दिलेले वर्षाच्या पगाराचे दाखले), शेवटच्या तीस दिवसांचे पे-स्टब, म्हणजे पगाराच्या पावत्या, दोन महिन्यांची बँक स्टेटमेंट्स, टॅक्स रिटर्न, ग्रीन कार्डाच्या दोन्ही बाजू. तरी लोन ऑफिसरने अकरा कंडिशन्स, म्हणजे मंजुरीआधी पुरवायचे कागद आणि खुलासे, पाठवल्या होत्या. केतकी म्हणाली, "अकरा! आम्ही काय चोर आहोत?"

मी म्हटलं, एकेक वाच.

पहिली: स्टेटमेंटचं पाचवं पान नाही. पाचवं पान कोरं होतं. "हे पान मुद्दाम कोरं सोडले आहे" अशी एकच ओळ, म्हणून केतकीने ते छापलंच नव्हतं. वर "पाच पैकी एक" असं छापलेलं असेल तर पाचही पानं जायला हवीत, कोरं असलं तरी. दुसरी, तिसरी आणि चौथी: मंदारच्या खात्यात मार्चमध्ये झेलवरून, म्हणजे फोनवरून पैसे पाठवायच्या सोयीतून, आलेल्या रकमा, चाळीस-चाळीस, ऐंशी-ऐंशी डॉलर, असे बावीस जण. मंडळाच्या सहलीचा खजिनदार हा! सहलीचे पैसे स्वतःच्या पगाराच्या खात्यात घेतले होते. वाचणाऱ्याला त्यात सहल दिसत नाही, त्याला बावीस अनोळखी माणसं दिसतात. (मंडळाच्या खजिनदारांनो, घर घ्यायचं मनात असेल त्या वर्षी हे पद दुसऱ्याला द्या.) पाचवी: केतकीने उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरींचे रोख पैसे बँकेत भरले होते. रोख रकमेला मागचा माग नसतो. ते पैसे हिशेबातून बाजूला ठेवून बाकीच्यांवर भागतंय का, एवढंच आम्ही पाहिलं. भागत होतं.

सहावी होती केतकीच्या नोकरीतल्या खंडाची. बाळंतपणानंतर सात महिने घरी होती. सहा महिन्यांपेक्षा मोठा खंड असेल तर नवी नोकरी सहा महिने झालेली लागते आणि खंडाआधीचा दोन वर्षांचा इतिहास दाखवावा लागतो. तिच्याकडे दोन्ही होतं. तरी तिने खुलाशाचं पत्र लिहिलं ते दोन पानांचं, त्यात सिझेरियन, सासूबाईंचा व्हिसा, डे-केअरची फी, सगळं. मी तिच्यासमोर ते चार ओळींवर आणलं: काय झालं, कधीपासून कधीपर्यंत, का, आणि आता काय स्थिती आहे. तिला ते कोरडं वाटलं. तिकडे वाचणारा दिवसाला अशा कितीतरी फायली वाचतो, त्याला कोरडंच बरं.

दोन तासांत दहा कंडिशन्स मार्गी लागल्या. अकरावी राहिली. गिफ्ट लेटर.

मंदारचे वडील मिरजेला असतात, हायस्कूलचे निवृत्त शिक्षक. ते पंधरा लाख देणार होते. एफएचएला वडिलांनी दिलेले पैसे चालतात, पण दोन गोष्टी लागतात. एक, पैसे त्यांच्या खात्यातून निघून तुमच्या किंवा क्लोजिंगच्या, म्हणजे घराचा व्यवहार पुरा करण्याच्या, खात्यात आले याचा पुरावा. दोन, एक पत्र. त्यात देणाऱ्याचं नाव, पत्ता, फोन, नातं, रक्कम, दोघांच्या सह्या, आणि हे पैसे परत करायचे नाहीत ही ओळ. अर्ध्या पानाचं काम.

मेमध्ये भेटलो तेव्हा पत्र आलं नव्हतं. वडिलांना ईमेल जमत नाही. पुढच्या भेटीला, मिरजेत प्रिंटर बिघडलाय. त्याच्या पुढच्या भेटीला, बाबांचे गुडघे दुखतायत. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात एक गोष्ट ठाम झाली आहे: पन्नास कागद येतात आणि एकच येत नाही, तेव्हा तो कागद हरवलेला नसतो. एक बाई टॅक्स रिटर्न आणायला सारखी विसरायची. तिच्या नवऱ्याला माहीत नसलेलं एक क्रेडिट कार्ड होतं. म्हणून मी त्या न येणाऱ्या कागदाभोवतीच खुर्ची ओढून बसते.

मी विवेकनिष्ठ पद्धतीत घडलेली, म्हणजे "असंच झालं पाहिजे" या हट्टामागचा विचार तपासणाऱ्या मानसोपचारात. त्यामुळे मला माणसाच्या बोलण्यातला "च" ऐकायची खोड आहे. आपल्या मराठीत हट्ट एका अक्षरात मावतो. मंदारच्या बोलण्यात तो सारखा यायचा. घर यंदाच व्हायला पाहिजे. एडिसनमध्येच पाहिजे. मित्रांची झाली, आपलं झालंच पाहिजे. मी मनाशी म्हटलं, सापडलं! वडिलांपुढे हात पसरायची याला लाज वाटतेय. दोन भेटी मी त्या लाजेवर घालवल्या. तोही मान डोलवायचा. पत्र काही येईना.

मग जूनमध्ये तो सहज म्हणाला, "ताई, नमुना तर तुमच्याकडे आहेच. बाबांच्या वतीने मीच भरून सही करून टाकू का?"

"नाही. कर्जाच्या अर्जात जाणूनबुजून खोटं लिहिणं हा इथे संघीय गुन्हा आहे."

"हो, पण ती शेवटची ओळ काय, सगळेच लिहितात."

"सगळे लिहितात, तर तुझाच हात का अडतोय?"

तो काही बोलला नाही. केतकीने त्याच्याकडे वळून पाहिलं. मी पुढचा प्रश्न विचारायच्या बेतात होते, पण गप्प राहिले. या कामात मला स्वतःबद्दल काही बरं वाटत असेल तर ते एवढंच, की गप्प कधी राहायचं ते थोडंफार कळतं.

"बाबांशी बोलू या का?" मी शेवटी विचारलं. "तू, मी, केतकी, तिघं मिळून."

शनिवारी सकाळी दहाला फोन लावला. मिरजेत संध्याकाळचे साडेसात. मागे कुकरच्या शिट्ट्या. नमस्कार-चमत्कार झाले. मी म्हटलं, "काका, बँकेला द्यायचं पत्र मी मराठीत सांगते. शेवटी असं आहे, की हे पैसे मुलाने परत करायचे नाहीत आणि तशी माझी अपेक्षा नाही."

तिकडून बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाले, "पुन्हा सांगा."

पुन्हा सांगितलं.

"मग पंधरा लाखांवर नाही हो मला सही करता येणार. नऊ त्याचे. सहा मनूचे आहेत, तिला मी शब्द दिलाय. दोन वर्षांत परत करतो म्हणाला, म्हणून मी हो म्हटलं होतं. तू सांगितलं नव्हतंस का रे त्यांना?"

मनू म्हणजे मंदारची धाकटी बहीण. केतकीला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती फक्त म्हणाली, "दोन वर्षांत सहा लाख. आणि मी मोदक विकून डे-केअर भरतेय."

मी चुकले होते, आणि चांगलीच. लाज होती, पण मागण्याची नव्हती. परत करायचं वचन त्याने एकट्याने दिलं होतं, आणि ते पत्र लिहिणं म्हणजे वडिलांकडून त्या वचनावर पाणी सोडून घेणं. फसवायचं त्याच्या जिवावर येत होतं, खरं सांगायचंही. म्हणून प्रिंटर बिघडत होता. मी ज्याला टाळाटाळ समजत होते, तो त्याचा प्रामाणिकपणाच होता, फक्त वाट न सापडलेला. त्या एका ओळीने, जी इथल्या सरकारने बँकेच्या विम्यासाठी घातली आहे, मिरजेतल्या एका घरात सहा महिने न झालेलं बोलणं सात मिनिटांत घडवून आणलं. माझ्या कुठल्याही प्रश्नाने ते झालं नव्हतं.

"नऊवर कराल सही?" मी विचारलं.

"आत्ता करतो. पेन खिशातच असतं माझ्या."

पुढचं काम गणिताचं होतं, ते तुलनेने सोपं. उरलेले सहा लाख उघड कर्ज म्हणून दाखवता आले असते. घरच्या माणसाकडून घेतलेलं कर्ज एफएचएला चालतं, पण ते फाइलमध्ये लिहावं लागतं आणि त्याचा हप्ता तुमच्या कर्जांत मोजला जातो. घराचा खर्च मिळकतीच्या ३१ टक्के आणि सगळी कर्जं मिळून ४३ टक्के, असं ढोबळ माप असतं. काही फायलींत ते ताणताही येतं. यांची गाडी आणि केतकीचं शैक्षणिक कर्ज धरून आधीच काठावर होतं. केतकीने स्वतःच पेन खाली ठेवलं. "सहा लाख मनूलाच राहू देत."

मग एडिसनचा "च" गळला. हॅमिल्टनला ४,३०,००० डॉलरचं टाउनहाउस मिळालं, स्टेशनपासून दहा मिनिटांवर, न्यूयॉर्कची गाडी थेट. डाउन पेमेंट १५,०५० डॉलर. नऊ लाखांचा एक फायदा आम्हाला मागाहून कळला: भारतातून बाहेर पाठवायच्या रकमेवर एका आर्थिक वर्षात दहा लाखांपर्यंत बँक टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ कर, कापत नाही. पंधरा पाठवले असते तर वरच्या पाच लाखांवर वीस टक्के, म्हणजे एक लाख, काकांना आधी भरावे लागले असते आणि मग रिटर्नमध्ये मागत बसावं लागलं असतं. त्यांची ठेव सहकारी बँकेत होती, तिथून ती राष्ट्रीयीकृत बँकेत वळवावी लागली. पासबुकाचं मराठी पान भाषांतर करून जोडलं. एका ठिकाणी नाव दत्तात्रय आणि दुसऱ्या ठिकाणी दत्तात्रेय, त्याचा वेगळा खुलासा.

आणि हो, जुलैत पे-स्टब आणि स्टेटमेंट्स पुन्हा मागितली गेली. या वेळी केतकीने मला फोन केला नाही. कर्ज वितरित होईल त्या दिवशी कागद १२० दिवसांपेक्षा जुने चालत नाहीत, हे तिला तोपर्यंत पाठ झालं होतं. कर्जाच्या करारावर सही होण्याआधीच्या दहा दिवसांत नोकरीची पुन्हा खातरजमा होते, म्हणून मंदारला मी बजावलं होतं: क्लोजिंगपर्यंत नोकरी बदलू नकोस, सोफा उधारीवर घेऊ नकोस.

काकांचं पत्र आलं. इंग्रजीत, वळणदार अक्षरात, शिक्षकाला शोभेल असं. नऊ लाख, परत करायचे नाहीत, खाली सही, दिनांक ५/७/२०२५. चौथ्या दिवशी बँकेकडून बारावी कंडिशन आली: पत्र ७ मेचं आणि पैसे जुलैतले, हे कसं?

मंदारने मिरजेला फोन लावला. काका म्हणाले, "त्यांना महिना आधी लिहायची खोड आहे होय? मग मी अक्षरांतच लिहितो." दुसऱ्या पत्रावर फाइव्ह्थ जुलै असं ठसठशीत लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

तेव्हापासून भारतातून येणाऱ्या प्रत्येक पत्रावर महिना अक्षरांत लिहायला सांगते.